खारीचा श्रावण

कुठलीही वस्तू दिसली की आमच्या समोरचे साहेब आधी तिला हाताची पालथी बाजू लावायचे. तळहात नाही, पालथी बाजू. आपण पोराचा ताप बघतो ना, तशी. कुणाकडे नवा फ्रीज आला, लावला पालथा हात. कुणाच्या मुलीच्या लग्नाचं कपाट आलं, लावला. एकदा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने गाडी घेतली आणि तो पेढे घेऊन दारोदार फिरला. यांनी पेढा तोंडात टाकला, खाली जाऊन गाडीच्या दारावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हे दार पुन्हा रंगवलेलं आहे." सेक्रेटरीने त्यांना परत कधी पेढा दिला नाही.

"सरफेस खोटं बोलत नाही," हे त्यांचं पेटंट वाक्य.

अशी माणसं तुमच्याही बिल्डिंगमध्ये असतील. नोकरी संपते, पण नोकरीतला हात थांबत नाही. साहेब अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. बुवापाड्यात वाढले, शिकले, ऑफिसर झाले, आणि रिटायर झाल्यावर बदलापूरला शिरगावात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. शर्ट कडक इस्त्रीचा, रुमालालासुद्धा इस्त्री, अंगाला कायम पावडरचा मंद वास. कचरा टाकायला खाली जातानाही पट्टा लावून जाणारा माणूस मी आयुष्यात एवढा एकच पाहिला.

आता त्या वेळच्या माझी ओळख करून देते. वय अठ्ठावन्न, टेलिफोन खात्यातून नुकतीच रिटायर झालेली, केस रंगवणारी आणि जगातलं सगळं कळणारी बाई. आज ती मला रस्त्यात समोरून येताना दिसली तर मी शेजारच्या गल्लीत शिरेन.

या बाईच्या घरी एक कुत्री होती, खारी. मुलाने आणली होती. "आई, मी सगळं करीन तिचं," असं म्हणून आणली होती, म्हणजे पुढचं तुम्हाला कळलंच. रंग बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून नाव खारी. स्वभावाने भित्री. फटाक्यांना घाबरायची, मिक्सरला घाबरायची, कबुतर खिडकीत बसलं तर माझ्या पदराआड यायची.

त्या वर्षी पावसाळ्यात खारी खाजवायला लागली. आधी कानामागे, मग पाठीवर. केस गळाले, टकलाचे चट्टे पडले, आणि कातडीचे इतके पापुद्रे सुटायला लागले की सोफ्यावर खरंच कुणी खारी खाऊन उठलंय असं वाटावं.

सगळं कळणाऱ्या बाईने उपाय सुरू केले. खोबरेल तेलात हळद कालवून तिला नखशिखांत चोपडलं. खारी पिवळी झाली, सोफा पिवळा झाला, आणि वॉचमनने विचारलं, "काय काकू, लग्न काढलं काय हिचं?" मग उल्हासनगरच्या एका दुकानातून शाम्पू आणला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एकदम सिल्की होगा. देखते रह जाओगे." स्ट्रॉबेरीचा वास होता त्याला. खारी स्ट्रॉबेरीसारखी दरवळायला लागली आणि दुप्पट खाजवायला लागली. शेवटी मी माझ्याच व्हिटॅमिनच्या गोळ्या कुटून शिऱ्यात घालून दिल्या. मला वाटलं, मला चालतात तर तिला का नाही? माझेही केस गळतच होते, हे काही तेव्हा लक्षात आलं नाही.

त्यातच डोंबिवलीहून सुनेचा फोन आला. ती बाळंतपणाला माहेरी गेली होती. आवाज पडलेला.

"आई, खारी बरी आहे का?"

"होतेय हळूहळू."

"माझी आई म्हणते, खरूज झालेलं कुत्रं आणि तान्हं बाळ एका घरात नको. बाळाला सव्वा महिना झाला की आम्ही येऊ, तोवर बरी झाली नाही, तर तिला कर्जतला मामांच्या वाडीवर ठेवायचं. ह्यांनाही पटलंय ते."

मामांची वाडी मी पाहिली होती. कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी खुंटा, खुंट्याला साखळी. पदराआड लपणारी खारी तिथे आठवडाभरही टिकली नसती. आणि सुनेच्या आईला नाही म्हणायची माझी टाप नव्हती. विहीणबाईंपुढे आमचे हेसुद्धा पंखा बंद करायला परवानगी मागत.

मी रिक्षा केली आणि खारीला उल्हासनगरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कातडी जरा खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकातून पाहिली आणि म्हणाले, "खरूज नाही, बुरशीही नाही. खायला काय देता?"

मी अभिमानाने सांगितलं, "घरचंच. दूध-पोळी, वरण-भात. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कुत्रीला उपास?"

"अहो, घरात दुसरं शिजतच नाही त्या दिवशी."

"आणि अंडी, मासे?"

"एरवी देतो की! आम्हीच खातो. गटारीला तिने माझ्यापेक्षा जास्त खाल्लं. पण आता श्रावण आहे ना."

त्यांनी मला लहान मुलीला सांगावं तसं समजावलं. कातडी आणि केस प्रथिनांचे बनतात, त्यांना तेल लागतं, अ आणि ई जीवनसत्त्व लागतं, ब गटातली लागतात, झिंक लागतं. साबुदाण्यात यातलं काही नाही. उकडलेलं अंडं द्या, काटे काढून मासा द्या, लाल भोपळा, गाजर द्या. माणसांच्या गोळ्या बंद करा. आणि वजनाप्रमाणे हे माशाचं तेल.

बाटली घेऊन मी बदलापूरला आले आणि आमच्या जिन्याखाली थबकले. माशाचं तेल, श्रावणात, देव्हारा असलेल्या घरात? मी बाटली मीटरच्या बॉक्समध्ये ठेवली, झाकण लावलं आणि वर गेले. म्हटलं, गणपती झाले की सुरू करू. एवढ्या दिवसांत काय होतंय?

हसा. मीही हसते. अकरा महिने तिसऱ्या, कोलंबी आणि बांगड्यावर ताव मारणारी बाई बाराव्या महिन्यात कुत्रीलाही पुण्य मिळवून देत होती.

दोनतीन दिवसांनी साहेबांकडचा फ्यूज उडाला. ते मीटर बघायला खाली गेले आणि वर आले ते बाटली हातात घेऊन.

"वहिनी, हे तेल मीटरमध्ये घालायचं आहे का?"

मला सगळं सांगावं लागलं. कर्जत, विहीणबाई, साखळी, सगळं. खारी खाली मान घालून मध्ये बसली होती. त्यांनी तिच्या पाठीवरून पालथा हात फिरवला, आणि पहिल्यांदाच मी त्यांचा चेहरा गाडीचं दार बघताना होता त्याहून वेगळा पाहिला.

"आतून गंज आहे हा," ते म्हणाले. "डॉक्टर काय म्हणाले? काय लागतं?"

मी आठवेल तेवढं सांगितलं. झिंक म्हटल्यावर ते उडालेच. "झिंक? अहो, आमच्या प्राइमरमध्ये असायचं ते! लोखंडाला गंज धरू नये म्हणून. आणि तुम्ही थेट हळदीचा टॉपकोट मारलात?"

"पण श्रावण आहे साहेब."

"कुणाचा?"

"आमचा."

"आणि हिचा?"

त्यांनी बाटलीवरची धूळ रुमालाने पुसली. "आमच्याकडे श्रावण छप्पन सालीच, दीक्षेबरोबर बंद झाला, वहिनी. तुमच्या खारीचा कधी होणार?"

मी म्हटलं, "गणपती झाले की."

"गणपतीनंतर सुरू केलंत तर नवे केस दिवाळीला येतील. तोवर ही कर्जतला कोंबड्या मोजत बसलेली असेल. कोट वाळायला वेळ लागतो." मग दाराकडे वळले आणि जाता जाता म्हणाले, "उद्यापासून हिचं जेवण आमच्याकडे."

असा खारीचा श्रावण सुटला. दुपारी समोरचं दार उघडायचं आणि हाक यायची, "खारी, ड्यूटी!" खारी शेपूट हलवत जायची. मी दारात तांदूळ निवडत बसायची, पाठ करून. पहिल्याच दिवशी मी त्यांना बजावलं, "मी काही बघितलेलं नाही हं. देवाला काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

"देवाशी आमचं बोलणं नाही," ते आतून म्हणाले. "तुमचं तुम्ही बघा."

गंमत म्हणजे या माणसाने तोवर घरचा गॅस कधी पेटवलेला नव्हता. बायकोने शिकवलं. त्या मला गॅलरीतून एकेक बातमी द्यायच्या. आज अंडं उकडलं, पाणी आटलं, अंडं फुटून छताला लागलं. आज भोपळा शिजला. आणि एक दिवस मला हाताने खुणावून त्यांनी आत बोलावलं. बघते तर साहेब डायनिंग टेबलाशी, डोळ्यांवर चष्मा, पुढ्यात उकडलेला बांगडा, आणि हातात कारखान्यातला लॅबचा चिमटा. एकेक काटा काढून बशीच्या कडेला लावून ठेवत होते. खारी समोर बसून लाळ गाळत होती.

"बघितलंत?" बायको म्हणाली. "संसाराला पस्तीस वर्षं झाली. मला कधी एक काटा काढून दिला नाही या माणसाने."

"तू कधी खाजवलंस का?" साहेब चिमट्यावरून नजर न काढता म्हणाले.

मासेवाली त्यांच्यावर खूश होती. श्रावणात आमच्या बिल्डिंगमध्ये तिला दुसरं कोण विचारणार? ती जिन्यातूनच ओरडायची, "सायेब, कुत्रीचा बांगडा आनलाय!" आणि मी दार लावून घ्यायची.

पण साहेबही काही परमेश्वर नव्हते. दोन आठवडे झाले तरी चकाकी येईना, तेव्हा त्यांचा धीर सुटला. कुठेतरी वाचलं की काळजात अ जीवनसत्त्व भरपूर असतं. झालं, खारीला रोज वाटीभर काळीज सुरू. तेलाचा डोसही त्यांनी गुपचूप दुप्पट केला. दोन कोट मारले की जास्त चमकतं, असा हिशेब. चौथ्या दिवशी खारीचं पोट असं बिघडलं की तिने त्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांच्या रांगेवर, डावीकडून उजवीकडे, एकही बूट न सोडता आपलं मत नोंदवलं.

आम्ही दोघं तिला घेऊन पुन्हा उल्हासनगरला. डॉक्टरांनी या वेळी साहेबांना झापलं. "अ जीवनसत्त्व जास्त झालं तर अंगात साठतं, हाडं धरतात. काळीज आठवड्यातून एक-दोन तुकडे, बस्स. मी वजन बघून डोस लिहिला होता, तो काय शोभेला?" साहेब खुर्चीत अंग चोरून ऐकत होते. मला आतून गुदगुल्या होत होत्या. म्हटलं, चला, सगळं कळणारं माणूस शिरगावात मी एकटीच नाही.

परतताना रिक्षात खारी दमून त्यांच्या मांडीवर डोकं टाकून पडली होती, इस्त्रीच्या पँटवर. विम्को नाक्याच्या आसपास म्हणाले, "कारखान्यात एक जण होता. घाईघाईत ओल्यावर ओला कोट मारायचा. फोड यायचे. मी त्याला हाकलला होता."

"मग?"

"मला कोण हाकलणार, असा विचार करतोय."

"मी हाकलते की."

"हाकला," ते म्हणाले, आणि मग हसले. पण एक हात खारीच्या कानावर होता, तो त्यांनी उचलला नाही.

त्यानंतर सगळं शिस्तीत. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच तेल. अंडं उकडूनच, कच्चं नाही. मासा, भोपळा, भात. माझी हळद आणि स्ट्रॉबेरी कायमची बंद. गणपती आले, गेले. मधल्या काळात डोंबिवलीला मुलगी झाली, पेढे वाटले. आणि खारीच्या पाठीवर बारीक लव दिसायला लागली. साहेब रोज हात फिरवून नुसतं "हं" म्हणायचे. एक दिवस "हंऽऽ" असं लांबवलं. मी समजले.

सूनबाई यायचा दिवस ठरला तो नवरात्रातला. घट बसलेले. म्हणजे आमच्याकडे पुन्हा सगळं बंद, आणि खारीची ड्यूटी पुन्हा समोर. ही मंडळी संध्याकाळी येणार होती. पण कुणाची तरी गाडी मिळाली आणि भरदुपारी दारात बाळ, बाळाची आई, बाळाचा बाप आणि विहीणबाई. मी भाकरतुकडा ओवाळते न ओवाळते तोच बाळाचं रडणं ऐकून समोरून खारी सुसाट आली. तोंड तेलकट. मागून नॅपकिन घेऊन साहेब.

विहीणबाई आत सोफ्यावर टेकल्या, तशी खारी सरळ त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्या नारायणपेठी मांडीवर हनुवटी ठेवून बसली.

विहीणबाईंनी तिला वरून खाली पाहिलं. उन्हात तिची पाठ नुसती चमकत होती. "अगबाई," त्या म्हणाल्या, "ही नवी आणलीत होय? बरं केलंत. जुनीला कर्जतला कधी पाठवलंत?"

सून एकदम हसली आणि रडलीही. "आई, अगं, ही खारीच आहे!"

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात विहीणबाईंचं नाक हललं. आता हे नाक कसं, तर जिन्यात उभं राहून दुसऱ्या मजल्यावर बांगडा आहे की तारली हे सांगणारं. त्यांनी एकदा घटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"घट बसलेत ना घरी? मग हा वास कसला?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. खारीने निवांत मिशा चाटल्या. मला कळलं, की आता खरूज राहिली बाजूला, घटापाशी मासळी खाऊन आलेली कुत्री म्हणून ही आज संध्याकाळीच कर्जतला जाणार.

"माफ करा, बाई." साहेब दारातून पुढे आले. "वास माझा आहे. आत्ताच जेवून उठलो. हात नीट धुतले नाहीत."

आणि ते चक्क खारी आणि विहीणबाई यांच्या मध्ये येऊन बसले. विहीणबाई पदर नाकाला लावून सोफ्याच्या टोकाला सरकल्या. खारी सरकली की साहेब सरकायचे, खारी वळली की साहेब वळायचे. चहा आला तो त्यांनी तसाच बसून घेतला. सुनेने बाळ पुढे केलं, "काका, घ्या ना." किती दिवस विचारत होते ते बाळाबद्दल! हात पुढे गेले होते त्यांचे. मग आठवलं, आणि मागे घेतले.

"नको, पोरी. हात चांगले नाहीत माझे."

संध्याकाळी मी त्यांच्या बायकोला सगळं सांगितलं, हसत हसतच. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वास माझा आहे, असं म्हणाले? ते?" आणि मग, "लहानपणी शाळेत कुणीतरी काहीतरी बोललं होतं त्यांना, वासावरून. अजून घरातून निघताना मला दोनदा विचारतात, येत नाही ना गं? म्हणून तर एवढी पावडर."

त्या दिवशी सगळं कळणाऱ्या बाईला पहिल्यांदा काहीतरी कळलं.

खारी राहिली. नात तिच्या पाठीचे केस धरून उभी राहायला शिकली. आणि विहीणबाई जेव्हा जेव्हा आल्या, तेव्हा त्यांनी न चुकता विचारलं, "काय म्हणतात ते वासाचे साहेब?" मी साहेबांना म्हटलंही, की मी आता खरं सांगून टाकते. ते म्हणाले, "असू द्या, वहिनी. तिची पोस्टिंग टिकली ना?" चांगली टिकली. म्हातारी होऊन, आपल्याच गादीवर गेली खारी. शेवटपर्यंत अंगावर केस दाट होते.

साहेब गेले ते गेल्या हिवाळ्यात. पुण्यानुमोदनाला समाजाच्या हॉलमध्ये सगळे पांढऱ्या कपड्यांत. विहीणबाई डोंबिवलीहून काठी टेकत आल्या होत्या. त्यांनी यावं असं मला वाटलं नव्हतं. शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या. भंतेजी बोलत होते. समोर साहेबांचा फोटो, शर्टाची कॉलर कडक.

विहीणबाई माझ्या कानाशी वाकल्या. "एक विचारू? तो बांगडा शिजवायचं कोण? ते, की त्यांची मिसेस?"

मी त्यांच्याकडे वळले. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अहो, नाक आहे मला. माणसाला पावडरचा वास आणि कुत्रीच्या मिशांना मासळी. तेवढं कळत नाही?"

"मग बोलला का नाहीत त्या दिवशी?"

"काय बोलू? चांगला पट्टा लावलेला माणूस एका कुत्रीसाठी असलं काही अंगावर घेतोय. म्हटलं, तिला आता कर्जतला कुठल्या तोंडाने पाठवू?"

"आणि इतकी वर्षं त्यांना वासाचे साहेब म्हणत होतात ते?"

"मग काय म्हणणार?" विहीणबाई डोळे मोठे करून कुजबुजल्या. "दुसरं काही म्हटलं असतं, तर त्यांचं खोटं उघडं पडलं नसतं का?"

मला आधी हुंदका आला की हसू, ते सांगता येणार नाही. पण विहीणबाईंचे खांदे हलायला लागले आणि मग माझे. दोघींनी पदर तोंडात कोंबले तरी थांबेना. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी हळूच उठून दोन पेले पाणी घेऊन आलं, विहीणबाईंच्या पाठीवर हात ठेवून म्हणालं, "सावरा, बाई. जाणारा जातो."

आम्ही दोघींनी डोळे पुसले आणि पाणी प्यायलो.